पूर्वी धोंडू-पांडुरंग, आता आरव-विहान. मुलांची नावं पिढीगणिक एवढी का बदलतात?

तुम्ही विचारलंय की पणजोबा-आजोबांच्या वेळी धोंडू, पांडुरंग, द्वारका, भागीरथी आणि आता बालवाडीत सगळे आरव नि विहान, तर हे बदलतं कशाने, आणि गावाकडे पण असंच झालंय का. मी मालवणकडचा, त्यामुळे कोकणातलं सांगतो, घाटावर थोडंफार वेगळं असेल.

माझ्या मते फॅशन वगैरे नंतर, आधी बघायचं की नाव ठरवतं कोण. पूर्वी ठरवायचं काही नसायचंच, पहिला मुलगा झाला की आजोबांचं नाव, विषय संपला. जुन्या घराण्यांच्या वंशावळी काढून बघा, महादेव विष्णू, मग विष्णू महादेव, मग परत महादेव विष्णू, दोन नावांवर पिढ्यान् पिढ्या काढल्यात लोकांनी. आणि गंमत अशी की ते नाव घरात कोणी घ्यायचंच नाही, कारण सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही आणि पोराचं तर तेच, मग आई हाक मारणार कशी? म्हणून बाळ, नाना, अण्णा, दाजी, आमच्याकडे बाबल नि बाबी. लोकमान्य टिळक १८५६ ला रत्नागिरीत जन्मले, त्यांचं नाव केशव, बाळ हे घरातलं, पण जगाने घेतलं ते घरातलंच. बायकांचं तर अजून वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहिलं की माहेरची गंगू सासरी सरस्वती, आणि जुनं नाव फक्त भाऊ-बहिणींच्या तोंडी. सातबाऱ्यावर वारस लावताना हे दोन नावांचं प्रकरण किती छळतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत.

दुसरा प्रकार भीतीचा. मुलं जगत नसत, मग एकतर देवाला नवस बोलून त्याचंच नाव, म्हणजे रवळनाथाला बोललं तर रवळू, नाहीतर मुद्दाम हलकं नाव ठेवायचं, दगडू, धोंडू, भिकू, केरू, की वाईट नजर तिकडे वळायलाच नको. हे गरिबाघरीच होतं असं नाही हां, महर्षी कर्व्यांचं पण नाव धोंडोच, धोंडो केशव कर्वे. पुढे लसी आल्या, दवाखाने आले, पोरं जगायला लागली आणि ही नावं आपोआप गेली. (साताऱ्याकडे मुलगी नको म्हणून नकोशी नाव ठेवायचे, २०११ मध्ये सरकारी मोहीम घेऊन त्या मुलींना नवीन नावं दिली, पण ते दुखणं वेगळं.)

मग आले चाकरमानी. लालबाग-परळला गिरणीत कामाला असलेला काका गणपतीला, शिमग्याला गावी येणार, त्याने मुंबईत सिनेमे बघितलेले, चाळीत शंभर तऱ्हेची माणसं बघितलेली, त्याने सुचवलेलं नाव म्हणजे शेवटचा शब्द. आत्या बारशाला कानात कुर्र करायची खरी पण नाव मुंबईचं. सुरेश, रमेश, दिलीप, अशोक, सुनंदा, निर्मला ही सगळी अशी बोटीने नि एसटीने आलेली. पुढे क्रिकेट. तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी सचिन देव बर्मनवरून ठेवलं आणि तेंडुलकरवरून मग गावोगाव सचिन झाले. गावसकरने तर मुलाचं नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून रोहन ठेवलं. आमच्या वाडीत एवढे सचिन झाले की काळो सचिन, लांब सचिन, पोस्टातलो सचिन असं म्हणावं लागायचं.

आता आजोबा नाहीत, काका नाही, आईवडील आणि मोबाईल. त्यात अक्षर काढून आणायचं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, अशी १०८ अक्षरं असतात, आणि पूर्वी ते राशीचं नाव पत्रिकेत पडून राहायचं, व्यवहारात वेगळंच. आता पत्रिकेतल्या अक्षरावरूनच शाळेतलं नाव हवं. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ येतात, ण वरून काय ठेवणार सांगा! शिवाय नाव छोटं पाहिजे, जोडाक्षर नको, इंग्रजी स्पेलिंग सोपं पाहिजे, परदेशातल्या मामाच्या शेजाऱ्यालाही म्हणता आलं पाहिजे. एवढ्या चाळण्यांतून खाली पडणार काय, आरव, विहान, कियान, अन्वी, मायरा. सगळ्यांना वेगळं नाव हवं होतं आणि वर्गात परत आडनावाचं पहिलं अक्षर लावून हाका माराव्या लागतात. गावी नेलं की म्हातारी विचारणार, "ह्या काय नाव झाला?" आणि दुसऱ्या दिवसापासून तो बाबू.

एक अजून लक्षात आलंय. पणजीची नावं परत येतात, आईची येत नाहीत. रमा, मुक्ता, सई, राघव आता परत ऐकू येतात कारण त्या नावाचं कोणी म्हातारं माणूस आपल्या डोळ्यासमोर नाही, पण सुरेश म्हटलं की बँकेतले काका दिसतात, संगीता म्हटलं की मावशी. त्यामुळे माझा अंदाज, अजून वीसेक वर्षांत मालती, शालिनी परत दिसतील, सुरेश-रमेशला अजून बराच वेळ आहे. धोंडूचं मात्र कठीण आहे.