जेवलास की जेवलीस? लिंगओळख बदलताना घरातलं बोलणं

सिडकोतून एक आई विचारतात: आमची मुलगी १५ वर्षांची आहे, नववीत. लहानपणापासून ‘मी जातो, मी खातो’ म्हणते. माझं माहेर कोल्हापूरचं, तिकडे आम्ही बायकाही असंच बोलतो, म्हणून कधी खटकलं नाही. दिवाळीनंतर तिने चिठ्ठी लिहून कळवलं की ती मुलगा आहे. मिस्टर म्हणतात, मोबाइलचं खूळ आहे. फॅमिली थेरपीत, म्हणजे घरच्यांच्या एकत्र समुपदेशनात, तिची समजूत घालतील का?

समजूत घालणार नाहीत. ‘हो, मुलगाच आहे’ असा शिक्काही पहिल्या दिवशी मारणार नाहीत. क्रियापदावरून काहीच सिद्ध होत नाही, हे तुमच्या माहेरावरूनच दिसतं. चिठ्ठीचं मोल मात्र मोठं आहे. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, तरी तुम्हाला सांगावंसं वाटलं. अजून उत्तर दिलं नसेल तर आज द्या: ‘तुझी चिठ्ठी वाचली. मला सगळं कळलेलं नाही, पण तू सांगितलंस हे बरं केलंस.’ तूर्त एवढं पुरे.

थेरपीची पहिली भेट बहुधा दोघा पालकांची, दुसरी मुलाची एकट्याची, मग एकत्र. एक बैठक ५० ते ६० मिनिटांची, साधारण दर पंधरा दिवसांनी. तीन-चार महिने दिल्याशिवाय ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. सुरुवातीलाच गुप्ततेचा करार होतो. मूल एकट्याने सांगेल ते पालकांना कळवलं जात नाही. जिवाला धोका किंवा अत्याचार हे अपवाद. हा करार बहुतेक वेळा पार्किंगमध्येच मोडतो. गाडीला किल्ली लावता लावता ‘आत काय विचारलं?’ हा प्रश्न आला, की पुढच्या वेळी मूल आतही गप्प बसतं. तो प्रश्न गिळा.

एकत्र बैठकीत एकाने दोन मिनिटं बोलायचं. दुसऱ्याने ऐकलेलं आधी स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं आणि मगच आपलं म्हणणं मांडायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण बहुतेक वडिलांना पहिल्या खेपेला जमत नाही. ते थेट उत्तर देतात. मोबाइलबद्दल मिस्टरांना जे वाटतं तेही तिथे मोकळेपणाने बोलू द्या. त्या वादात न अडकता तज्ज्ञ पाहतात की ही भावना कधीपासून आहे, किती टिकून आहे, वयात येताना शरीराचा त्रास किती होतो, आणि सोबत नैराश्य, चिंता किंवा ऑटिझम आहे का.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. बारशाला हौसेने ठेवलेलं नाव सुटताना आईला रडू येणं अगदी स्वाभाविक आहे. त्यासाठी मुलाशिवाय वेगळी बैठक मागा. ते दुःख मुलाच्या डोक्यावर ठेवू नका.

नाशिकरोडहून एक वडील: आम्ही नवं नाव स्वीकारलं, पण जीभ वळत नाही. मी चुकलो की मूल ताट सोडून उठतं. घरात आजी आहे, ८१ वर्षांची. तिला काय सांगायचं?

मराठीत अडचण नावापेक्षा क्रियापदाची असते. ‘आलास’ की ‘आलीस’ हे दिवसातून पन्नास वेळा येतं. पण वाटाही मराठीतच आहेत. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: येशील, जाशील, खाशील. आज्ञार्थात नाही: ये, बस, घे. कर्म असलेल्या भूतकाळात क्रियापद सहसा कर्माच्या मागे जातं: ‘चहा घेतलास का?’, ‘अभ्यास केलास का?’ ‘जेवलास का’ऐवजी ‘जेवण झालं का?’ म्हणता येतं. खरा पेच येणं, जाणं, झोपणं, बसणं यांचा आणि वर्तमानकाळाचा. तेवढ्याच वाक्यांचा सराव करा, दोघा नवरा-बायकोंनी, मूल समोर नसताना. सवय बसेपर्यंत या वाटा पूल म्हणून वापरा. कायमच्या वापरल्या तर मुलाला टाळाटाळ कळते.

चूक झाली तर ‘आलीस… आलास’ एवढी दुरुस्ती करून पुढे चला. लांबलचक माफी मागितली की मुलालाच तुमची समजूत घालावी लागते, आणि ताट तिथेच सुटतं. ही मेहनत वाया जात नाही. २०१८ मध्ये १२९ तरुणांवर प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात घर, शाळा, काम, मित्र यांपैकी जितक्या ठिकाणी निवडलेलं नाव वापरलं जात होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. नावामुळेच फरक पडला हे त्यातून सिद्ध होत नाही, पण वापरून बघायला खर्चही काही नाही.

आजीला कधी सांगायचं, हे मुलाला विचारून ठरवा. आजी अनेकदा ‘बाळा’, ‘सोन्या’ म्हणत असते. तेवढ्यावर मूल खूश असेल तर घाई नको.

कॉलेज रोडवरून, वय १७: मी ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे जन्माला आलो तेव्हा सगळ्यांनी मुलगी मानलं. घरी माहीत नाही. छाती दिसू नये म्हणून क्रेप बँडेज बांधतो. परवा जिना चढताना फासळ्यांत टोचलं. आईला कसं सांगू?

आधी ती पट्टी काढ. क्रेप बँडेज श्वासाबरोबर सैल होत नाही, घसरून आणखी आवळते. फासळ्यांना इजा होऊ शकते. चिकटपट्टीही नको. मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल शर्ट, किंवा छातीचं माप घेऊन घेतलेला बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा), तोही ८ तासांच्या आत. झोपताना आणि खेळताना नाही. टोचणं थांबलं नाही किंवा दम लागला, तर डॉक्टरांना दाखव. कॉलेजचं बाथरूम टाळायला दिवसभर पाणी पीत नसशील तर तेही थांबव, लघवीला जंतुसंसर्ग होतो. मेडिकलमधून स्वतःहून हार्मोन घेऊ नकोस.

आईला सांगण्याआधी घराबाहेर काढतील किंवा मारहाण होईल अशी भीती आहे का, हे प्रामाणिकपणे तपास. असेल तर आधी एखादी विश्वासू मोठी व्यक्ती, मावशी किंवा शिक्षक, सोबत घे. नसेल तर लग्न, सण, परीक्षा टाळून निवांत दुपार निवड, आणि दोनच वाक्यं आधी लिहून ठेव. जीव नकोसा वाटला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

निफाडहून एक काका: पुतण्या मुलीसारखा वागतो. एक डॉक्टर म्हणाले, पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं आणि काही बैठकांत ठीक होईल. द्यावीत का?

देऊ नका. इंजेक्शनाने आपण कोण आहोत ही जाणीव बदलत नाही. आवाज, केस, शरीर मात्र बदलू शकतं, आणि त्यातलं बरंचसं परत फिरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत ही ओळख मानसिक आजारांत मोडत नाही. ‘बदलून देतो’ अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.