बाटली मागून वाचा

गेल्या महिन्यात वाइन आणि दारूविक्रीच्या नियमांविषयी बरेच प्रश्न आले. त्यातले पाच घेतोय.

प्रश्न : गोव्याहून परतताना वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. रीतसर बिल होतं. तरी बांद्याजवळच्या नाक्यावर चांगलीच झाडाझडती झाली. बिल असताना चूक कसली? (कोल्हापूर)

बिलावरून एवढंच कळतं की तुम्ही गोव्याचा कर भरलात. महाराष्ट्राचा नाही भरलात, आणि नाक्यावरच्या जवानाला चिंता त्याचीच. दारू हा आपल्या राज्यघटनेत राज्यांच्या सूचीतला विषय. तिचं उत्पादन, विक्री, वाहतूक, उत्पादन शुल्क, सगळं राज्याच्या हातात. जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्यातून बाहेरच राहिली. त्यामुळे दारूच्या बाबतीत प्रत्येक राज्याची सीमा अजूनही जकात नाक्यासारखी आहे.

आता घरी असेल तर त्यातली एक बाटली घ्या आणि मागून वाचा. कुठेतरी बारीक अक्षरात 'फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी' अशा अर्थाची ओळ सापडेल. जवान ब्रँड बघत नाही, ती ओळ बघतो. गंमत अशी, की वाइन आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीची असेल, द्राक्षंही तिथलीच असतील. पण एकदा गोव्याचं लेबल लागलं की तीच बाटली परवानगीशिवाय माहेरी आणणं हा गुन्हा. मला हा नियम अजिबात पटत नाही. पण पटत नाही म्हणून नाक्यावर हुज्जत घालू नका.

प्रश्न : लेबलवर 'सल्फाइट्स आहेत' असं लिहिलंय. म्हणजे भेसळ का? आणि एक्स्पायरीची तारीख कुठेच नाही. (पुणे)

भेसळ नव्हे. सल्फाइट्स म्हणजे गंधकाचे क्षार. द्राक्षाचा रस आंबतानाच ते थोडे आपोआप तयार होतात. शिवाय वाइन हवेने बिघडू नये म्हणून वायनरीवाले थोडे घालतात. एका किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतील तर लेबलवर सांगावंच लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना त्यांचा त्रास होतो. घरात दमेकरी असेल तर ही ओळ महत्त्वाची. नसेल तर पुढे वाचा.

पुढे असतो वैधानिक इशारा : मद्यपान आरोग्यास घातक, पिऊन गाडी चालवू नका. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्याबाबतचे नियम २०१८ चे आहेत, आणि हा इशारा १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. त्याच नियमांमुळे 'हृदयाला चांगली' वगैरे दावे लेबलवर करता येत नाहीत. काउंटरवरचा पोऱ्या करतो, ती गोष्ट वेगळी. द्राक्षाच्या जाती एकापेक्षा जास्त असतील तर ज्याचं प्रमाण जास्त ते नाव आधी, असा क्रम असतो. शिराझ ही जात दुसऱ्या नंबरवर दिसली तर शिराझचे पैसे मोजताना विचार करा.

सगळ्यात कमी वाचला जातो तो आकडा अल्कोहोलचा. समजा १३ टक्के आहे. ७५० मिलीच्या बाटलीत मग साडेसत्त्याण्णव मिली शुद्ध अल्कोहोल झालं. नियमांत एक प्रमाणित पेय म्हणजे १२.७ मिली शुद्ध अल्कोहोल. भागून बघा : एका बाटलीत साडेसातच्या वर पेयं. 'वाइनच तर आहे' म्हणणाऱ्या पाहुण्याला हा हिशेब जरूर ऐकवा.

राहिली एक्स्पायरी. १० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असेल तर ती छापण्यातून सूट आहे, म्हणून बिअरवर तारीख असते आणि वाइनवर नाही. याचा अर्थ वाइन अमर असते असा नाही. मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली मी तरी घेत नाही.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे. कायद्याने तो वाइन विकत घेऊ शकतो का? (नाशिक रोड)

हो. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी २१, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. मूळ कायदा १९४९ चा, आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. कायद्याच्या नजरेत बंदी हा नियम आणि पिणं हा अपवाद. म्हणून तर पिण्याचा परवाना असतो, एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन. दुकानात तो कोणी मागितल्याचं तुम्हाला आठवतं का? मलाही नाही. पण कागदावर तो आहे.

प्रश्न : सुपरमार्केटमध्ये वाइन मिळणार होती, तिचं काय झालं? (ठाणे)

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला : किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटात वेगळ्या कपाटात वाइन. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या आणि प्रकरण थंडावलं. तोवर आपलं 'वाइन शॉप' आहेच, जिथे वाइन सोडून बाकी सगळं पुढच्या फळीवर असतं.

प्रश्न : आमच्या गावातलं दारूचं दुकान बायकांना बंद करायचंय. निवेदनं देऊन थकलो. (सातारा जिल्हा)

साधी निवेदनं थांबवा, मतदान मागा. एकूण किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्के मतदारांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क विभागाकडे द्यायचा. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

गावं हरतात ती मोजणीच्या नियमावर. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, पण झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या मतदारांच्या. महिलांनी मागितलेल्या मतदानात यादीत १,००० बायका असतील, ६०० आल्या आणि ४९० जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान उद्या सकाळी उघडणार. तेव्हा सह्या गोळा करायच्या आधी यादी तपासा, मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं कमी करून घ्या, आणि मुंबई-पुण्याला असलेल्या सुनांना मतदानाची तारीख ठरताच फोन करा. एसटीचं भाडं गावाने वर्गणीतून द्यावं.