बैठक घेऊनही मार थांबत नाही, तेव्हा

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या एका ताईंना नवरा मारतो. भावकीने दोनदा बैठक घेतली. त्याने सगळ्यांदेखत माफी मागितली, पण महिनाभरात पुन्हा तेच. ताईंना घर सोडायचं नाही. आम्ही काय करावं?

उत्तर : घर न सोडता मार थांबावा, ही त्यांची मागणी रास्त आहे आणि कायद्यालाही मान्य आहे. घोटाळा बैठकीतच होतो. नवरा-सासूसमोर त्या खरं बोलल्या तर रात्री त्याचा सूड निघतो. गप्प राहिल्या तर फारसं काही नसेल असं धरलं जातं. वर 'तूही उलट बोलू नकोस' असं बजावून निम्मा दोष त्यांच्याच पदरात टाकतात. हे थांबायलाच हवं.

आधी त्यांच्याशी एकटीशी बोला, त्यांच्या घरी नको. शेवटचं कधी मारलं, कशाने, मुलांसमोर का, जिवाची धमकी दिली का, हे विचारा. गळा दाबला होता का, हे तर विचाराच. दाबला असेल तर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या; पुढे जीव जाण्याचा धोका अशा घरात फार मोठा असतो. केस पेपरवर 'पडल्यामुळे' नव्हे, 'नवऱ्याने मारल्यामुळे' असंच लिहून घ्या.

आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे गटातल्या विश्वासू घरी ठेवा. शेजारणीशी एक खूण ठरवा. ती मिळताच तिने ११२ ला फोन करायचा. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नये, तिथे विळी-सुरी हाताशी असते. बाहेरच्या दाराकडे सरकावं.

मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते घटनेचा अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात. म्हणून कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश अर्जासोबतच मागा. मारहाणीला मनाई आणि घराबाहेर न काढण्याचा हुकूम, दोन्ही मागता येतात. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

प्रश्न : मग समुपदेशन करूच नये का?

उत्तर : समेट ताईंना स्वतःला हवा असेल तरच करावा, आणि तोही प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यासमोर. मुंबईत १९८४ पासून पोलिसांसोबत चालणाऱ्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षांची पद्धत पुढे राज्यभर गेली. जवळच्या कक्षाची चौकशी करा. २००५ च्या कायद्याच्या नियमांनुसार समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू दिलं जात नाही. पुन्हा हात उचलणार नाही, अशी हमी त्याच्याकडून घेतली जाते. त्यानंतरही ताईंना अधूनमधून एकटं गाठून विचारत राहा. तो शेजारी बसला असताना मिळालेलं 'बरं चाललंय' धरू नका.