वीस गुंठ्यांत पहिल्यांदा भाजीपाला करताय? मग हे वाचा

दादा, वीसही गुंठे टोमॅटोला देऊ नका. भाव पडला की तोडणी, क्रेट, गाडीभाडं आणि हमालीही निघत नाही. आठ गुंठे टोमॅटो पुरे. तो संपला की त्याच मल्चिंगवर (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिक कागदावर), त्याच बांबू-तारेवर दोडका किंवा कारलं चढवा. मांडवाचा खर्च दोन पिकांत वाटला जातो, खरी बचत इथेच आहे. मात्र टोमॅटोमागे वांगं-मिरची नको. एकाच कुळातली पिकं, त्यामुळे मर रोग (झाड वाळवणारा) आणि सूत्रकृमी (मुळांना लागणाऱ्या बारीक अळ्या) जमिनीत टिकून राहतात.

मेथीला आठ गुंठे ठेवा, पण दोन-दोन गुंठ्यांचे चार वाफे करून आठवड्याच्या अंतराने पेरा. मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे दर आठवड्याला हातात पैसे. सगळी एकदम पेरली तर एकाच बाजाराच्या भावावर सगळं अवलंबून राहतं.

उरलेल्या चार गुंठ्यांत भेंडी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो, पुढे दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की भेंडी निबर होते. म्हणून घरची माणसं बघूनच क्षेत्र वाढवा.

वहीत घरची मजुरीही लिहा. ती सोडून काढलेला नफा फसवा असतो.