कोड फुकट, मग बिल कशाचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रेड हॅटचा लिनक्स (संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) कोड खुला, म्हणजे ओपन सोर्स, तरी आयबीएमने २०१८मध्ये त्या कंपनीला ३४ अब्ज डॉलर देऊ केले. सन या संगणक कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम सोलारिस सरस, तरी सन ७.४ अब्ज डॉलरांत ओरॅकलकडे गेली. गुंतवणूकदाराने ओपन सोर्सचीच बाजू घ्यावी का?

उत्तर : नाही. आधी ग्राहक बिल कशाचं भरतो ते पाहा. सनचा गल्ला मुख्यतः स्वतःच्या स्पार्क चिपच्या सर्व्हरवर भरायचा, सोलारिस त्यासोबत जायचं. त्यातली झेडएफएस (फाइल साठवण्याची व्यवस्था) आणि डीट्रेस (चालू सिस्टिममधला दोष शोधण्याचं साधन) आजही वाखाणले जातात. पण इंटेल-एएमडीच्या स्वस्त सर्व्हरवर लिनक्सने भागू लागल्यावर महागडं यंत्र कोण घेणार? २००५मध्ये सोलारिसचा कोड खुला केला, तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं.

उलट बाजूला व्हीए लिनक्स. ९ डिसेंबर १९९९ला ३० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी २३९.२५वर बंद झाला. कंपनी ओपन सोर्सवाली, पण विकत होती हार्डवेअरच. २००१मध्ये तो धंदा गुंडाळला.

रेड हॅट सबस्क्रिप्शन विकत आली : सुरक्षेचे पॅच, दहा वर्षांची देखभाल आणि एसएपीसारख्या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरची 'या सिस्टिमवर आमचं सॉफ्टवेअर चालतं' अशी मान्यता. खाली मान्यता नसलेली सिस्टिम असेल, तर डेटाबेस अडल्यावर विक्रेता हात वर करतो. बँका पैसे मोजतात ते ही वेळ येऊ नये म्हणून.

अशा कंपनीच्या ताळेबंदात 'डिफर्ड रेव्हेन्यू', म्हणजे आगाऊ आलेले पण अजून न कमावलेले पैसे, बघा. तीन वर्षांचे ३६,००० रुपये आगाऊ आले, तर पहिल्या वर्षाचं उत्पन्न १२,०००च. उरलेले २४,००० देणं म्हणून दिसतात. हा आकडा वाढतोय आणि नफा सपाट आहे, तर घाबरू नका. आटत असेल तर आधी कारण शोधा. ग्राहक तीन वर्षांऐवजी वार्षिक करार करू लागले, तरी तो घटतो आणि त्यात बिघडलेलं काही नसतं.

प्रश्न : ऑफिसचा सर्व्हर सेंटओएस ७ या फुकट लिनक्सवर आहे, 'यम अपडेट' हा अपडेटचा आदेश चालत नाही. सगळं पुसून नव्याने बसवावं का?

उत्तर : सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली आणि मिररची (अपडेट उतरवून घ्यायच्या सर्व्हरांची) यादी बंद झाली. रिपो फाइलमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'मिररलिस्ट'ची ओळ बंद करून 'बेसयूआरएल' सेंटओएसच्या व्हॉल्ट या जुन्या पॅकेजांच्या संग्रहाकडे वळवा. आधी बॅकअप, व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉटही. मग पूर्ण अपडेट, रीबूट, अल्मालिनक्स या सेंटओएसच्या जागी येणाऱ्या फुकट लिनक्सचं 'एलिव्हेट' हे साधन बसवून 'लीप प्रीअपग्रेड' ही अल्मा ८वर जाण्याआधीची तपासणी. त्याचा अहवाल 'व्हार-लॉग-लीप' फोल्डरमध्ये मिळतो. तो न वाचता पुढे जाऊ नका. बहुतेकांचं घोडं अडतं ते 'पाटा-एसीपीआय' मॉड्यूलवर (ते काढून टाका), नाहीतर एकाहून अधिक नेटवर्क कार्डांना 'ईथ०', 'ईथ१' अशी जुनी नावं असल्यावर. अडथळे काढून 'लीप अपग्रेड' चालवा. अपग्रेडनंतर आरपीएमच्या (बसवलेल्या पॅकेजांच्या) यादीत 'ईएल७' शोधा : बाहेरच्या रिपोमधली पॅकेजं तशीच मागे राहतात. अल्मा ८मध्ये नुसता 'पायथन' हा आदेश मुळात नसतो, त्यामुळे जुन्या क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट मुकाट्याने बंद पडतात. रोजचा बॅकअपच अशा स्क्रिप्टवर असेल तर ते कळायला उशीर होतो. अल्मा ८ला २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत.

मात्र सर्व्हरवर एखादंच ॲप असेल, तर नवी सिस्टिम बसवून डेटा हलवणं सोपं.

प्रश्न : आमचा प्रोसेसर ८ कोअरचा, मग विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्डचं कोटेशन १६ कोअरचं का?

उत्तर : कोअरनुसार परवाना घेताना प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअर घ्यावेच लागतात, विक्रेत्याने फसवलेलं नाही. स्टँडर्डच्या त्या परवान्यात दोन व्हर्च्युअल मशीन बसतात. चार हवीत तर सगळ्या कोअरचा परवाना पुन्हा एकदा. कॅल, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या माणसांचे किंवा संगणकांचे परवाने, वेगळे : दोन पाळ्यांत ३० माणसं १५ संगणक वापरत असतील, तर युजर कॅलऐवजी १५ डिव्हाइस कॅल पुरतात. रिमोट डेस्कटॉपवर काम असेल तर त्यासाठीचे आरडीएस कॅल त्यावर आणखी, आणि कोटेशनमध्ये सहसा तेच राहून जातात.