आधी रीडिंग टाका, मग उत्तर पाहा

प्रश्न : मॅडम, मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलसाठी परस्परसंवादी ऑनलाइन साहित्य तयार करण्याचं काम विभागाने माझ्यावर सोपवलंय. निधी नाही, माझा फोन आणि लॅपटॉप, बस्स. एका विक्रेत्याने थ्री-डी प्रयोगशाळा दाखवली, पण किंमत ऐकून चहा थंड झाला. तरी तीच घ्यायचा आग्रह धरू का? भाषा कोणती ठेवू? आणि मुलं घरीच बघून प्रॅक्टिकलला यायची बंद झाली तर?
— एक साहाय्यक प्राध्यापिका

उत्तर : थ्री-डीचा आग्रह सोडा. त्यातलं बुरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडायची खुणांची काचनळी) कधी गळत नाही, त्यात हवेचा बुडबुडा अडकत नाही आणि रंग बदलून शेवट दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन दरवेळी बरोबर वेळेवर गुलाबी होतं. आपल्या मुलांचं अडतं ते नेमकं याच ठिकाणी. शिवाय जे विकत घ्यायचं, त्यातलं बरंच फुकट आहे. केंद्राच्या व्हर्च्युअल लॅब्स प्रकल्पात रसायनशास्त्राचे प्रयोग आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन्स डाउनलोड करून इंटरनेटशिवाय चालवता येतात, त्यांतली अनेक मराठीतही आहेत. कार्नेगी मेलनच्या केमकलेक्टिव्हमध्ये बाटल्या आपणच निवडून टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून प्रमाण काढणं, करता येतं. ती कामं पुन्हा करत बसू नका. तुम्ही फक्त तुमच्या प्रयोगशाळेचं, तुमच्याच बुरेटचं साहित्य करा.

एकच प्रयोग घ्या : बुरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट आणि फ्लास्कमध्ये मोहर्स सॉल्ट (लोहाचा एक क्षार). दुपारची बॅच सुटली की बुरेटमागे पांढरा कागद लावा आणि फोन स्टँडवर ठेवून एकच पातळी तीनदा टिपा : वरून, समोरून, खालून. व्हिडिओ तिथे थांबवा आणि विचारा, तुमचं रीडिंग किती? एच-फाइव्ह-पी नावाच्या मोफत साधनात असा प्रश्न व्हिडिओच्या मध्येच टाकता येतो. आकडा लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. परमँगनेट गडद असल्यामुळे वरची कड वाचायची, हे आपण वर्गात शंभरदा सांगतो. तरी मुलं सवयीने खालची वक्ररेषा शोधत राहतात. एकदा स्वतः आकडा टाकून चुकली की पुढच्या वेळी विचारावं लागत नाही.

मग फाटे फोडा. फ्लास्कमध्ये कोणतं ॲसिड घालणार? सल्फ्युरिक निवडलं तर प्रयोग सरळ पुढे. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच ऑक्सिडीकारक, परमँगनेटचं काम थोडं तेच करतं, म्हणून रीडिंग घटतं. ॲसिड कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. तो मात्र खराखुरा करून चित्रित करा, चित्र काढून नको. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ अशी पाटी झळकवू नका. त्या निवडीने येणारं रीडिंग दाखवा आणि ‘असं का आलं?’ एवढंच विचारा.

चित्रीकरणात एक खोच आहे. शेवटचा फिकट गुलाबी रंग फोनचा कॅमेरा आपल्या मनाने ‘सुधारतो’, म्हणून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. रंग ओळखण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी शेजारी ‘फ्लास्क हलवल्यावरही रंग अर्धा मिनिट टिकतो’ अशी ओळ द्या. आणि पिपेट (मोजून द्रावण घ्यायची नळी) तोंडाने ओढताना कुणी दिसता कामा नये, भले तुमच्या विभागात अजून तशी सवय असो. व्हिडिओ वर्षानुवर्षं राहतो आणि मुलं तो पुरावा म्हणून दाखवतात!

दांडीचं म्हणाल तर साहित्य प्रयोगाच्या आधी लावा आणि प्रयोगाचा आकडा त्यातून मिळूच देऊ नका. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या मोफत प्रणालीत गणिती प्रश्नाचा असा प्रकार आहे की प्रत्येकाला वेगळे आकडे येतात. त्यावर आकडेमोडीचा सराव होऊ दे. जर्नलमध्ये मात्र स्वतःचंच रीडिंग. सगळ्या बॅचचा सी.बी.आर. (पुन्हा पुन्हा तेच येणारं बुरेटचं रीडिंग) ९.८ आलेली जर्नल्स मी सह्या करून परत दिली आहेत, सगळ्यांनीच दिली आहेत. त्याबद्दल आपण व्हायवाच्या टेबलावर गप्प बसतो. १० मिलीच्या रीडिंगमध्ये ०.१ मिलीची चूक म्हणजे १ टक्का, आणि बुरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. हा हिशेब पडद्यावर पटतो. थेंब अर्धवट तोडून फ्लास्कच्या कडेला टेकवायचं मात्र हातालाच शिकवावं लागतं, त्याला प्रॅक्टिकलला यावंच लागेल.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. पडद्यावरचे शब्द परीक्षेच्या इंग्रजीत ठेवा, आवाज मराठीत, म्हणजे तुम्ही प्रयोगशाळेत बोलता तसाच. ‘कॉक हळू सोड, हळू’ हे कुठल्याही भाषांतरापेक्षा चांगलं कळतं. हिंदी-गुजराती बोलणाऱ्या मुलांसाठी सबटायटल्स पुरतील.

क्लिप दोन-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. मुलं त्या लोकलमध्ये उभ्यानं बघणार, डेटाही त्यांचाच. जमलं तर लॅब असिस्टंटला कॅमेऱ्यासमोर उभं करा; द्रावणं तेच करतात आणि कुठली बाटली कुणी कशी बिघडवतं हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असतं. क्यूआर कोड प्रत्येक टेबलाला चिकटवणार असाल तर लॅमिनेट करून घ्या, नाहीतर सल्फ्युरिकचे डाग पडून तो महिनाभरही वाचता येणार नाही.