वाचकांचे प्रश्न : रोबोटिक मशीनवर चालण्याचा सराव

प्रश्न : माझ्या भावाच्या (वय २९) मज्जारज्जूला सात महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात टी-१० पातळीवर (छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याजवळ) इजा झाली. तपासणीच्या कागदावर 'एएसआयए सी' (इजेची तीव्रता सांगणारी श्रेणी) लिहिलंय. अहमदाबादच्या एका केंद्राने रोबोटिक मशीनवर २० सेशन्सचं पॅकेज सांगितलंय. आमचं घर जुन्या वाड्यात आहे. एवढी ये-जा करून तो चालेल का?
— एक बहीण, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, त्या कागदावरचं 'सी' नीट समजून घ्या. इजेच्या खाली हालचाल शिल्लक आहे, पण तिथल्या निम्म्याहून अधिक मुख्य स्नायूंना आपलाच पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलण्याइतकी ताकद नाही. रस्ता पूर्ण बंद नाही, म्हणून सरावाला अर्थ आहे. २० सेशन्सनंतर तो चालेलच, अशी हमी मात्र कुणीही देऊ शकत नाही.

हे मशीन म्हणजे ट्रेडमिल, वरून लटकणारा हार्नेस (अंगाला बांधायचे आधाराचे पट्टे) आणि दोन्ही पायांना बांधलेला सांगाडा. त्याच्या मोटरी खुब्याला आणि गुडघ्याला असतात. बहुतेक मशीनांत घोट्याला मोटर नसते, पाऊल पट्ट्यांनी वर धरलेलं असतं. पहिल्या दिवशी निम्मा वेळ मापं घेण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. मशीनची खुब्याची कडी मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यासमोर आली नाही, तर प्रत्येक पावलाला पट्टा घसरतो आणि कातडी सोलते. भावाला ते जाणवेलच असं नाही, म्हणून सेशननंतर जांघ, मांडी आणि नडगी तुम्ही स्वतः पाहा. अर्ध्या तासात लाली गेली नाही, तर कातडी पूर्ववत होईपर्यंत मशीन बंद.

खरी मेख 'गायडन्स'मध्ये, म्हणजे पाय हलवायला मशीन किती मदत करतं यात आहे. १०० टक्के गायडन्स म्हणजे पाय मशीन हलवतं आणि भाऊ फक्त लटकून असतो. मोबाइल बघत हजार पावलं टाकली तरी स्नायूंना काम मिळत नाही. एका वहीत दर वेळी तीन आकडे लिहून घ्या : गायडन्स किती, वजनाचा किती टक्के भार मशीनने उचलला, वेग किती. साधारण ४०-५० टक्के भार मशीनवर देऊन आणि ताशी दीड किलोमीटरच्या आसपास सुरुवात होते. टेकलेल्या पायाचा गुडघा दुमडत असेल तर भार लवकर कमी केलाय. टाचा हवेत राहून नुसते चवडे टेकत असतील तर तो फार उचललाय. अंगठा घासत असेल तर पावलाचा पट्टा आवळायला सांगा. एका वेळी एकच आकडा बदलावा, नाहीतर बिघडलं कशाने ते कळत नाही. दहा सेशन्सनंतरही तिन्ही आकडे जिथल्या तिथे असतील, तर थेरपिस्टला कारण विचारा.

आणि वाडा. ट्रेडमिलवर उंबरठा नसतो, वळण नसतं, तोल जायची भीतीही नसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अर्धवट इजेच्या जुन्या रुग्णांवर चार पद्धतींची तुलना झाली. चालण्याचं अंतर सर्वाधिक वाढलं ते विद्युत-उत्तेजनासह जमिनीवर चालणाऱ्यांचं. रोबोटवाला गट मागे पडला. म्हणून मशीनवरून उतरल्यावर त्याच दिवशी १५-२० मिनिटं पॅरलल बार किंवा वॉकरवर सराव हवा. केंद्र तो देत नसेल तर तोच पैसा बडोद्यातल्या चांगल्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करणं मला शहाणपणाचं वाटतं. जाणारच असाल, तर शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात व्हीलचेअरचीच गादी सीटवर ठेवा आणि दर १५-२० मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलायला लावा.

प्रश्न : टी-४ ची इजा आहे. मशीनवर चढलं की डोकं ठणकतं, चेहऱ्याला घाम येतो. बीपी वाढतो. गोळी घेऊन चालू ठेवू का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : नाही. टी-६ किंवा त्याच्या वरच्या इजेत हे ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचं (इजेखालच्या एखाद्या त्रासाने बीपी अचानक खूप चढण्याचं) लक्षण असू शकतं आणि त्यात जिवाला धोका असतो. तसं झालं की लगेच मशीन थांबवून बसतं करायला सांगा, पट्टे सैल करायला लावा आणि कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडली आहे का ते पाहायला सांगा. जांघेतल्या हार्नेसखाली ती हमखास दाबली जाते. मूत्राशय भरलेलं, शौच अडलेलं, बुटात बोट दुमडलेलं, यातलं काहीही निमित्त होतं. बीपी उतरला नाही तर थेट इमर्जन्सीत जा. कारण सापडून डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा चढू नका. एरवीही चढण्याआधी लघवीची पिशवी रिकामी करून तुमचा नेहमीचा बीपी लिहून ठेवा.

प्रश्न : पूर्ण इजा (टी-८), चार वर्षं झाली. अंगावर चढवायचा रोबोटिक सूट घ्यावा का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : सूटने नसा जिवंत होत नाहीत. तो उतरवला की व्हीलचेअर आहेच. उभं राहणं, चार पावलं टाकणं एवढ्यासाठी हवा असेल तर आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या. चार वर्षं भार न पडलेली हाडं गुडघ्याच्या आसपास सहज मोडतात आणि वेदना होत नाही, फक्त पाय सुजतो, गरम लागतो. असंच रक्ताच्या गाठीतही दिसतं, तेव्हा सूज आली की वाट पाहू नका. खुबे आणि गुडघे सरळ होतात का, घोटा काटकोनात येतो का, खांदे कुबड्यांचा भार घेतात का, हे तपासून घ्या. रिवॉक या सूटला अमेरिकेत २०१४ मध्ये घरच्या वापराची परवानगी मिळाली, तीही सोबत प्रशिक्षित माणूस असेल या अटीवर. तुमच्या घरात रोज तासभर मागे उभं राहणारं कुणी आहे का, ते आधी ठरवा.